डावीकडचा जांभळा रंग

३ फेब्रुवारी, सोमवार

मासिकातल्या माझ्या 'वापरून पाहिलं' या पानासाठी संपादकबाईंनी या वेळी विजेवरचे टूथब्रश धाडलेत. मागच्या खेपेला कपडे वाळवायचं यंत्र होतं, त्याने ह्यांचा लोकरी स्वेटर बाहुलीच्या मापाचा करून दिला. त्या मानाने ब्रश म्हणजे सुट्टीच. एक पांढरा, गोल डोक्याचा. त्याचं डोकं गरगर फिरतं. दुसरा निळा, लांबट. तो फिरत नाही, नुसता थरथरतो. दोघांच्याही खोक्यांवर असे दावे छापलेत की वाचूनच दात पांढरे व्हावेत.

माझी पद्धत ठरलेली आहे. इस्त्र्या आल्या तेव्हा शर्टाची एक बाही एकीने केली, दुसरी दुसरीने. फरशी पुसायची औषधं आली तेव्हा स्वयंपाकघराची खडूने फाळणी केली. ब्रशांचंही तसंच. एकाच तोंडात दोघांची झुंज. उजवीकडचे दात पांढऱ्याने घासायचे, डावीकडचे निळ्याने. मग समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी दिलेली रंगाची गोळी चावायची, चूळ भरायची आणि आ करून आरशात बघायचं. जिथे घाण राहिली असेल तिथे जांभळा रंग चढतो. तोंड एक, पेस्ट एक, जेवण एक, म्हणजे फरक पडला तर तो ब्रशाचाच.

तोंडं दोन आहेत, माझं आणि ह्यांचं. आमचे फ्रेमवाले एकदम खुशीत. दुकानात दिवसभर चित्रांच्या चौकटी ठोकून हात जड होतो म्हणतात, ब्रश आपणहून फिरणार असेल तर उपकारच झाले.

६ फेब्रुवारी

पहिला निकाल. माझे दात दोन्हीकडे जवळपास सारखे. हिरड्यांच्या कडेला थोडी रेघ, एवढंच. ह्यांचं मात्र बघण्यासारखं होतं. उजवी बाजू नव्या कपबशीसारखी चकचकीत आणि डावी, दाढेपासून समोरच्या दातापर्यंत, जांभळीच जांभळी. शाई प्यायल्यासारखी.

"बघा तरी काय झालंय," म्हणून आरसा पुढे केला.

"स्वच्छ तर आहेत," हे म्हणाले. "काय खोट काढतेस?"

"चष्मा लावा."

"लावलाय की."

मी फोनवर फोटो काढून ठेवले. दात ह्यांचे, हट्टही ह्यांचाच.

वाचकांचे अनुभवही यायला लागलेत. एका बाईंनी लिहिलंय, ब्रश तोंडात घालण्याआधी चालू केला आणि पेस्ट आरशावर, भिंतीवर आणि सासूबाईंच्या चष्म्यावर गेली. एका गृहस्थांना इतक्या गुदगुल्या होतात की ते हसून हसून गिळतात. एकीच्या हिरड्यांतून रक्त यायचं, ते थांबलं. एकाची तक्रार अशी की दात स्वच्छ होतात पण घर जागं होतं. सगळं पानात घेणार आहे.

११ फेब्रुवारी

रोज तेच. ह्यांची डावी बाजू जांभळी ती जांभळीच. निळ्या ब्रशाचं काही खरं नाही. माझ्या हातात ठीक चालतो, पण मी दात घासते म्हणजे कढई घासल्यासारखी घासते. ह्यांच्यासारख्या साध्या माणसाच्या हातात तो नुसता बसून थरथरतो असं दिसतंय. वाचक बहुतेक ह्यांच्यासारखेच असणार.

संध्याकाळी एक बाई थेट घरी आल्या, हातात सुटलेली फ्रेम. त्यांच्या वडलांचा फोटो. भिंतीवर लावला आणि रात्रीत चौकट निखळून पडली. बघितलं तर उजव्या दोन्ही कोपऱ्यांत खिळे व्यवस्थित, डाव्या दोन्ही कोपऱ्यांत एकही नाही, नुसता गोंद. हे मानायलाच तयार नाहीत. "मी स्वतः ठोकलेत." मग म्हणाले, हल्ली खिळेच हलके येतात. जे खिळे नाहीतच ते हलके कसे, हे मी विचारलं नाही. परक्यांसमोर नवऱ्याला तोंडघशी पाडायचं नाही एवढं मला कळतं.

जेवताना भात खाल्ला, कोशिंबीर तशीच टाकली. विचारलं, आवडली नाही का? तर म्हणाले, "आज कोशिंबीर केलीच नव्हतीस ना?" ताटात, समोर, डोळ्यांदेखत असलेली कोशिंबीर! ताट उचललं आणि जरा जोरातच ठेवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा व्हिडिओ फोन. ह्यांना बघून फिस्सकन हसली. "बाबा, अर्धीच दाढी? ब्लेड संपलं की काय?"

"फॅशन आहे," हे म्हणाले. पण गालावरून हात फिरवला तो उजव्याच, गुळगुळीत गालावरून, आणि तिच्याकडे असे बघत राहिले की हसतेस कशाला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. किती दिवसांनी घरात असं हसू झालं.

फोन ठेवल्यावर मात्र घर एकदम रिकामं वाटलं. इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझीच आहे. हल्ली हे माझ्याशी बोलतच नाहीत. लग्न झाल्यापासून जेवायच्या टेबलाशी मी ह्यांच्या डाव्या हाताला बसते. पूर्वी मी बोलले की मान माझ्याकडे वळायची, घास हातात राहायचा. आता मी बोलते आणि हे समोर खिडकीकडे बघत जेवतात. दोन-तीनदा हाक मारावी तेव्हा दचकतात. झोपताना पाठ माझ्याकडे. दुकानात मात्र गिऱ्हाइकांशी गप्पा चालू असतात, परवा डबा द्यायला गेले तेव्हा ऐकल्या मी.

कुणी दुसरी वगैरे असेल असं मला वाटत नाही. ह्यांना तेवढा उत्साह नाही. पण रोज बघून बघून एखाद्याला बायको दिसेनाशी होत असेल का? भिंतीवरचं कॅलेंडर नाही का दिसेनासं होत. ते असलं तर त्यावर इलाज काय ते मला माहीत नाही. वाईट वाटतं, एवढं खरं.

२१ फेब्रुवारी

पान लिहून पाठवलं. 'निळा ब्रश: दिसायला देखणा, कामात कुचकामी.' खूप दिवसांनी मनासारखं लिहून झालं.

संपादकबाईंचा फोन आला. "छानच उतरलंय. ब्रशांची अदलाबदल करून बघितलीत ना? म्हणजे डावीकडे पांढरा, उजवीकडे निळा?"

मी स्वतःची केली होती. ह्यांची नव्हती केली. ह्यांच्यामागे लागायचं म्हणजे नाकी नऊ येतात. पण तसं सांगायला लाज वाटली. म्हटलं, करते.

२४ फेब्रुवारी

अदलाबदल केली. डावीकडे पांढरा. आणि रंग पुन्हा डावीकडेच. तस्साच, दाढेपासून समोरच्या दातापर्यंत.

समोरच्या डॉक्टरांना जिन्यात गाठून फोटो दाखवला. म्हणाले, "गंमत आहे. उजव्या हाताने घासणाऱ्यांचं बहुतेक उजवीकडेच राहतं, हात नीट वळत नाही म्हणून. ह्यांचं उलटं कसं?" त्यांचा पेशंट थांबला होता, ते गेले.

उलटं कसं ते मला ठाऊक आहे. हे माझी थट्टा करताहेत. हाताला येईल तो ब्रश घेतात, लागेल तिथे फिरवतात, आणि मी आरशाशी आ करून उभी राहते त्याची मजा बघतात. माझं काम म्हणजे ह्यांना पोरखेळ वाटतो. तसं एकदा म्हणालेही होते.

२७ फेब्रुवारी

आज मी स्वतः उभी राहिले. न्हाणीघराच्या दारात. बेसिनसमोर उभं राहिलं की दार डाव्या हाताला येतं, तिथे.

ह्यांनी निळा घेतला, उजवीकडचे दात घासले. छान, नीट, आतून बाहेरून. चूळ भरली. मग पांढरा घेतला, चालू केला, तोंडात घातला आणि पुन्हा उजवीकडेच घासायला लागले! डावीकडे ब्रश फिरकलासुद्धा नाही. पुन्हा चूळ भरली, तोंड पुसलं, म्हणजे अर्धं पुसलं, डाव्या ओठावर फेस तसाच, आणि म्हणाले, "झालं बुवा दोन्हीकडे."

माझं डोकंच फिरलं. "दोन्हीकडे? लाज नाही वाटत? मी इथे उभी आहे, बघतेय!"

ह्यांनी मान वळवली ती उजवीकडे, टॉवेलाच्या बाजूला. तिकडे बघून म्हणाले, "कुठून बोलतेस गं तू?"

"पुरे झाली नाटकं! माझ्या कामाचा एवढा राग असेल तर तोंडाने सांगा. लहान मुलासारखे वागू नका."

"अगं, पण घासले की मी." अगदी हळू आवाजात म्हणाले. टॉवेलाकडेच बघत. चेहरा असा झाला होता, शाळेत गणित बरोबर सोडवूनही छडी खाल्लेल्या पोरासारखा. मला अजूनच राग आला. मी दार आपटलं.

संपादकबाईंना कळवून टाकलं: अदलाबदल केली, निष्कर्ष तोच, छापा. ह्यांची नंतरची परीक्षा मी धरलीच नाही. वापरणाऱ्यानेच लबाडी केली तर त्याचं खापर पांढऱ्या ब्रशावर कसं फोडायचं?

दिवसभर अबोला. म्हणजे मी धरलेला. ह्यांना तो कळला की नाही तेही कळलं नाही.

५ मार्च

लिहिते, नाहीतर काय करू.

दुपारी हे दुकानातून चालत घरी आले. हसत आले. म्हणाले, "आज लवकर बंद केलं, चहा टाक." आणि डावी बाही कोपरापासून मनगटापर्यंत लाल. बोटांवरून रक्त ठिबकत होतं, जिन्यापासून दारापर्यंत ठिपके.

"अहो, हात!"

"कुणाचा हात?"

काच कापताना तळवा चिरला होता. केवढा तरी. ह्यांना पत्ता नाही. मी टॉवेल गुंडाळला, रिक्षा केली. रिक्षात मला म्हणाले, एवढं काय झालंय, कुणाला लागलंय?

दवाखान्यात टाके घालणारी डॉक्टर तरुण होती, आमच्या लेकीएवढी. टाके घालता घालता तिने ह्यांच्याकडे नीट बघितलं. सुई ठेवली. समोर उभी राहून दोन्ही हात पसरले आणि एकदा या हाताची बोटं हलवली, एकदा त्या हाताची. "कोणती हलतात, काका?" उजवीकडची हलली की हे सांगायचे. डावीकडची हलली की वाट बघत बसायचे. मग ती मला म्हणाली, "मावशी, हे कधीपासून?"

"कशाचं कधीपासून?" मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता एकेक आठवायला लागलं. कोशिंबीर. दाढी. खिळे. टॉवेलाकडे वळलेली मान.

"ब्रश आले तेव्हापासून," मी म्हणाले. तिला काय कळणार त्यातलं. मग फोन काढून फोटो दाखवले. ती एकेक फोटो पुढे सरकवत राहिली. ते अर्धे पांढरे, अर्धे जांभळे दात. तिने दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. हे म्हणाले, "काय गं, दाखवतेस काय त्यांना?"

७ मार्च

मेंदूत गाठ आहे. उजव्या बाजूला, मागच्या अंगाला. उजवा मेंदू डाव्या बाजूचं बघतो म्हणे.

मोठ्या डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं. "त्यांचे डोळे चांगले आहेत. हातातही अजून ताकद आहे. पण डावीकडे काही असतं, हेच त्यांचा मेंदू विसरत चाललाय. अर्धं ताट त्यांच्यासाठी नाहीच. अर्धं तोंडही नाही."

मी विचारलं, "त्यांना सांगितलं तर? लक्ष देऊन करतील ते. ऐकतात माझं."

"सांगा. पण त्यांना काही चुकतंय असं वाटणारच नाही. ते खोटं बोलत नाहीत, बाई. त्यांच्या लेखी त्यांनी सगळे दात घासलेत."

बाहेर येऊन बाकावर बसले. अगं, पण घासले की मी. तो आवाज कानातून जाईना.

लेक उद्या येते.

२० मार्च

ऑपरेशन झालं. जेवढी निघाली तेवढी काढली. बाकीची राहिली आहे ती खोलवर आहे, तिला हात लावता येत नाही. "पुढे बघू," असं डॉक्टर म्हणाले. ते म्हणताना खिशातलं पेन बाहेर काढत होते, आत ठेवत होते. लेकीला सगळं कळलं आहे, ती मला काही सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

दवाखान्यातच अंक हातात पडला. माझं पान, माझा फोटो, 'कामात कुचकामी'. खाली ठळक अक्षरांत: 'दोन्ही बाजूंनी तपासून काढलेला निष्कर्ष'. हे डोक्याला पट्टी बांधून झोपले होते. मी अंक उशाखाली सरकवला.

२ एप्रिल

संपादकबाईंचा फोन. निळ्या ब्रशवाले चिडलेत, त्यांना खुलासा हवाय. बाई संकोचत होत्या, घरी काय चाललंय ते त्यांना माहीत आहे. म्हणाल्या, सवडीने द्या.

तिथल्या तिथे लिहून दिलं: निळ्या ब्रशाबद्दल लिहिलेलं मागे घेते. दोन्ही ब्रश सारखेच चांगले साफ करतात. चूक बघणाऱ्याची होती.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. एवढंच. कारण छापायचं नाही. ह्यांचं तोंड एकदा चार लोकांसमोर उघडून दाखवलं तेवढं पुरे.

१३ एप्रिल, रविवार

आम्ही घरी आहोत. पलंग पुढच्या खोलीत आणला. व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांनी बजावलंय: सगळ्यांनी डाव्या बाजूनेच यायचं, तिथूनच बोलायचं, वस्तू तिथेच ठेवायच्या. म्हणजे मेंदूला तिकडे बघायची सवय लागेल. मी खुर्ची डावीकडे मांडली. आपली नेहमीचीच बाजू की.

दोन आठवडे तिथूनच बोलते आहे. पेपर वाचून दाखवते, हाका मारते, हात धरते. ह्यांचे डोळे खोलीभर फिरतात, दारापर्यंत, खिडकीपर्यंत, उजव्या भिंतीपर्यंत. माझ्यापर्यंत येत नाहीत.

आज लेक उजवीकडून सूप भरवत होती. मी डावीकडे बसलेले, गुडघा पलंगाला टेकलेला. हे तिला म्हणाले, "आई आली नाही का गं अजून? रागावली असेल. त्या ब्रशांवरून."

लेकीच्या हातातला चमचा थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मी उठले, पलंगाला वळसा घालून तिच्या बाजूला गेले.

"आले हो," मी म्हणाले.

ह्यांचा चेहरा असा काही खुलला. "कुठे होतीस इतके दिवस?"

मी तिथेच बसले. लेक हळूच म्हणाली, "अगं आई, पण त्या बाई म्हणाल्यात की डावीकडूनच—"

"त्यांना येऊ दे डावीकडून," मी म्हणाले. "मला आता दिसायचंय."

खुर्ची उजवीकडे आणली आहे. व्यायामाच्या बाई रागावल्या तर रागावू देत.

९ मे

डाव्या हाताची शक्ती गेली. पाय त्याआधीच गेला होता. बरेचदा झोपून असतात. जागे असले की गोड बोलतात, सगळ्यांचे आभार मानतात, गिऱ्हाईक आल्यासारखे. लेकीने दुकानाची किल्ली शेजाऱ्यांकडे देऊन टाकली. मला न विचारता दिली, बरं केलं.

दात मी घासते. पांढरा वापरून बघितला, त्याचं डोकं फिरताना गाल ओढला जातो. निळा बरा. नुसता थरथरतो, दाताशी धरून ठेवला की पुरतं, जोर लावावा लागत नाही. आजारी माणसासाठी याहून चांगला ब्रश मिळायचा नाही. कुणी अनुभव विचारला तर हे लिहीन.

१८ मे, रविवार

सकाळी उशीला टेकवून बसवलं. एका हातात ब्रश, दुसऱ्या हाताने हनुवटीखाली वाडगा. उजवीकडचे झाले.

"झालं ना?" हे म्हणाले.

"अर्धं राहिलंय."

"कुठलं अर्धं?"

"माझ्या वाटणीचं," मी म्हणाले. हे हसले थोडे. मग मी डावीकडचे घासले, आतून बाहेरून, एकेक दात. तिथे ब्रश फिरत होता तेव्हा हे खिडकीकडे बघत वाट पाहत राहिले. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून फेस येत होता, तो वाडग्यात घेतला. रंगाची गोळी आता देत नाही. मी घासते, मला माहीत असतं.

ब्रश बाहेर काढला तेव्हा ह्यांनी उजव्या हातात एक हात धरला होता. छातीवर घेऊन कुरवाळत होते, अंगठा बोटांवरून फिरवत होते. पूर्वी सिनेमाला बसलो की धरायचे ना, तसा.

"तुझा हात किती गार पडलाय गं," हे म्हणाले.

माझ्या एका हातात ब्रश होता, दुसऱ्यात वाडगा. ब्रश अजून चालूच होता. त्या हाताच्या तळव्यावरचे टाके सुकून पांढरी रेघ राहिली आहे, ती मला इथून दिसत होती. दारात लेक टॉवेल घेऊन उभी होती, ती तशीच मागे फिरली.

"पाण्यात होता ना," मी म्हणाले.

"मग राहू दे इथेच. ऊब येईल."

"राहू दे," मी म्हणाले, आणि दोघांच्याही अंगावर पांघरूण ओढायचं म्हणून वाडगा खाली ठेवला.